चार मिनिटांना एक थेंब

पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात एकोणचाळीस कागद होते. गाडीचं आर.सी. बुक एक, आरटीओच्या तपासणीचे कागद सात, विम्याचे एकवीस आणि धुराच्या तपासणीचे दहा. शिवाय सेंट क्रिस्टोफरचं, खांद्यावर मूल घेऊन नदी उतरणाऱ्या त्या संताचं, तळहाताएवढं एक चित्र होतं. ते कागदात धरायचं की नाही हे तेजस्वीला ठरवता येईना, म्हणून तिने वहीत चाळीस हा आकडा कंसात लिहिला.

"बांगडे मोजूक बसलास काय?" पडवीच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या तरुणाने विचारलं.

"बांगडे सोपे," ती मान वर न करता म्हणाली. "त्यांच्यावर तारखा नसतात."

तो हसला. काही माणसांचे डोळे आधी हसतात आणि तोंड मागून येतं; हा त्यांतला होता. हे मात्र तिने वहीत लिहिलं नाही.

गाडी समोरच माडांखाली उभी होती. १९७४ची फियाट, आंबोळीसारखी पांढुरकी, दोन गोल दिव्यांची. तेजस्वीच्या बाबांना, महादूंना, ती पंधरा दिवसांपूर्वी चौक्याच्या पेट्रोल पंपावर दिसली होती आणि तेव्हापासून धामापूरच्या घरात दुसरा विषय नव्हता. तळ्याजवळच्या आपल्या काजूच्या बागेत त्यांनी पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. कुडाळ स्टेशनवरून पाहुण्यांना या गाडीतून आणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त एक अट घातली होती. "तू सायन्सवाली. तू जावन बघ. तू 'घेवा' म्हटलंस तरच घेवया."

तेजस्वीने कोल्हापूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि आता कुडाळच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सांभाळत होती. एखादी गोष्ट बघ म्हटलं की तिला ती पूर्णच बघावी लागे. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती टॉर्च, पट्टी, वही आणि कागदात गुंडाळलेलं एक लोहचुंबक घेऊन स्कूटरवरून तारकर्लीला आली होती.

विकणारा होता रॉयडन. खाडीच्या काठी त्याचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं शेड होतं. गाडी त्याच्या वडिलांची, बेनेडिक्टची. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मस्कतला असलेल्या त्याच्या मेव्हण्याने, रॉकीने, तिथल्या वर्कशॉपमध्ये त्याची नोकरी ठरवली होती. जानेवारीत हजर व्हायचं होतं.

"मम्माक गाडी चालवूक येयना नाय," रॉयडन म्हणाला. "आणि हयसर गाडी उबी ऱ्हवली की खारो वारो तिका खाता. गाडीक बरी जागा मिळाल्याशिवाय मी जावचो नाय, असो मी शबूद दिलंय."

"कोणाला?"

"गाडीक."

तेजस्वीने त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

तिने गाडीभोवती चुंबक फिरवायला सुरुवात केली. दार, दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी. तो मागे मागे येत होता.

"ह्या काय चल्ला?"

"पत्रा कुजला की काही जण त्यात लांबी भरतात आणि वरून रंग मारतात. डोळ्याला कळत नाही. चुंबकाला कळतं. लांबीला ते चिकटत नाही."

"आणि माणसाक लावला तर?"

"माणसाच्या अंगात लोखंड तीन-चार ग्रॅम असतं. चिकटत नाही."

"लावन बघितलास कधी?"

ती मागच्या दिव्याजवळ वाकली होती, ते बरंच झालं. कान गरम झाल्याचं तिला स्वतःलाच कळलं.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी धामापूरच्या. घराकडे पण अशाच बोलतास? बातम्या दिल्यासारख्या?"

"तपासणी चालू असताना मी अशीच बोलते."

"आणि तपासणी संपल्यार?"

"बघू," ती म्हणाली.

गाडीखाली बघायला तिने रेतीवर गोणपाट पसरलं आणि पाठीवर सरकत आत गेली. टॉर्चच्या उजेडात सगळा पत्रा एका वयाचा दिसत होता, फक्त ड्रायव्हरच्या सीटखालचा दोन वितींचा तुकडा वेगळा होता. कडेने सुबक, बारीक वेल्डिंग. तिने हाक मारली. रॉयडन दुसऱ्या बाजूने आत सरकला, आणि मग दोघंही गाडीखाली पाठीवर पडून वर बघत राहिले… तेल, गंज आणि त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास. त्याचा खांदा तिच्या खांद्यापासून अंदाजे वीस सेंटिमीटरवर होता. पट्टी बाहेर राहिली होती.

"हा पत्रा बदललेला आहे," ती म्हणाली.

"माका ठावक नाय."

"आणि तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. १९८९, ९४, ९९, २००४… इथपर्यंत बरोबर आहे. त्यानंतरचा २००९चा हवा, तर कागद एकदम २०११चा. दोन वर्षं गाडीकडे कागद नाही, आणि त्याच गाडीचा पत्रा बदललेला आहे. कुठे तरी जबर ठोकर बसलेली असू शकते."

"पप्पांनी आणि ठोकर? नाय."

"'नाय' हा पुरावा नाही."

तो अंधारात हसला. तिला दिसलं नाही, पण वरचा पत्रा किंचित घुमला.

रॉयडन तेव्हा अकरा वर्षांचा होता, सावंतवाडीला बोर्डिंगात. त्याची आई, आपोलिना, मागल्या दारी नारळ खवत होती. तिला एवढंच ठाऊक होतं की गाडी तेव्हा दोन वर्षं दत्ताराम मेस्त्रीच्या शेडमध्ये पडून होती. "माका तेणी काय सांगल्यान नाय," ती म्हणाली. "दत्तारामाक इचारा. तो आता विजयदुर्गाक आसता, चेडवाकडे, जावयाच्या घराक."

"तर मग विजयदुर्गाक जावया," रॉयडन म्हणाला. "फोनार म्हाताऱ्याक आयकाक येयना नाय. आणि तुमका गाडी लांबवर चालवन बघूची आसतलीच."

ते खरंच होतं. लांबचा रस्ता घेतल्याशिवाय कुठल्याही इंजिनाबद्दल काही लिहिणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. तेजस्वीने हे स्वतःला घरी जाताना तीनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला ते निघाले. फियाटला पुढची सीट एकच, लांब, मध्ये काही नाही, गिअरसुद्धा स्टेअरिंगजवळ. तेजस्वीने दोघांच्या मध्ये वही ठेवली. गाडी चढाला लागली की वही सरकायची, आणि ती पुन्हा जागेवर ठेवायची.

रस्ता खाड्या ओलांडत, कातळावरून चढत-उतरत जात होता. काजूला मोहर आला होता, त्याचा हिरवा, आंबूस वास एका खिडकीतून यायचा आणि कुठे तरी वाळत घातलेल्या सुकटाचा दुसऱ्या. रॉयडन फार बोलत नव्हता. गाडी चालवताना तो तिचं ऐकत असे, तेजस्वीचं नव्हे, गाडीचं. मध्येच म्हणे, "आयकलास? आता ती तापली. आता ती खूश आसा." आणि तेजस्वी इंजिनाऐवजी त्याच्याकडे बघत असे, कारण ऐकताना त्याची मान एका बाजूला कलायची, लहान मुलाला गोष्ट सांगताना कलते तशी.

एका वळणावर कोंबडी आडवी आली. ब्रेक लागला, आणि त्याच क्षणी त्याचा डावा हात गिअरवरून सुटून तिच्यासमोर आडवा आला. तिला अडवायला, पुढे आपटू नये म्हणून… गाडी थांबली. हात एक क्षण तसाच राहिला.

"सॉरी," तो म्हणाला आणि हात मागे घेतला. "सवय. मम्मा हयसर बसता."

"ठीक आहे," ती म्हणाली. मग वही उघडून तिने लिहिलं : ब्रेक उत्तम. गाडीला कुठल्याच बाजूला ओढ नाही. अक्षर जरा हललं होतं. रस्ता खराब आहे, असं तिने त्याचं कारण ठरवलं.

दत्ताराम मेस्त्री विजयदुर्गच्या जेटीवर उन्हाला पाठ देऊन बसला होता. त्याने आधी माणसांकडे बघितलंच नाही. उठला, बॉनेटवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "ही अजून जित्ती आसा?"

रॉयडनने त्याच्या कानाजवळ जाऊन प्रश्न विचारला. म्हातारा पुन्हा उन्हाला पाठ देऊन बसला.

"सांगूक हरकत नाय. तुझो पप्पा, बेनेत, आता गेलो," तो म्हणाला. "दोन हजार नऊ साल. बेनेत तपासणीक गाडी घेवन गेलो. साहेबान दिवे बघल्यान, ब्रेक बघल्यान, हॉर्न वाजवन बघल्यान. सगळा बरा. आता शिक्को मारतलो, तर ह्यो म्हणता, 'साहेब, माझ्या सीटीखालचो पत्रो कुजलो आसा. वर मॅट आसा म्हणान दिसना नाय.' साहेब म्हणालो, 'मी तर विचारलंच नव्हतं.' ह्यो म्हणता, 'म्हणान तर सांगतंय.'"

"मगे?" रॉयडनने विचारलं.

"मगे काय, साहेब हसलो. दुरुस्त करून आणा म्हणालो. ह्यो कोरो कागद खिशात घालून परत. गाडी माझ्याकडे टाकल्यान, आणि चार दिवसांनी मी आंब्यावरसून पडलंय. हात दोन जाग्यार मोडलो. दोन वर्सां हातोडो धरूक येयना. मी म्हटलंय, बेनेत, दुसऱ्या खंय तरी दी. तर म्हणता, नाय, तुझो हात बरो होयसर थांबतंय." म्हाताऱ्याने उजवा हात उघडून मिटून दाखवला. "दोन वर्सां सायकलीन फिरलो. घराक सांगूक नाय, कारण बायको म्हणतली, साहेब पास करी होतो, तुका कोणी सांगलेला तोंड उघडूक."

रॉयडनने गाडीच्या छपरावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.

"इचारला नाय म्हणान सांगूचा नाय," म्हातारा म्हणाला, "ता बेनेताक जमायचा नाय." मग त्याने पहिल्यांदा त्या दोघांकडे नीट बघितलं. "इकता कोण, घेता कोण?"

"मी इकतंय. घेतत हेंचे बाबा."

"मगे तुमी दोगां एका सीटीर बसान हयसर कित्याक इलास?"

"तपासणी चालू आहे," तेजस्वी म्हणाली.

"हां," दत्ताराम म्हणाला. "चलांदे."

चारच्या सुमाराला ते तारकर्लीला परतले. तेजस्वीने घड्याळ बघितलं, पिशवीतून पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि इंजिनाखाली सरकवला. थंड इंजिनाखाली मागच्या रविवारी तिने पुठ्ठा ठेवून बघितला होता. तो कोरा राहिला होता. पण आता गाडी तापलेली होती. थोड्या वेळाने एक थेंब पडला. काळा, गोल, कडेला फिकट होत गेलेला.

"जुन्या गाडीक थोडा गळताच," रॉयडन म्हणाला.

"गळतं हे मला माहीत आहे. किती गळतं ते हवं आहे. नीट सरासरी काढायला निदान दहा थेंब लागतील."

"म्हणजे किती वेळ?"

"तेच तर मोजायचं आहे."

मग ते दोघं रेतीवर, गाडीच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि थेंबांची वाट बघू लागले. माडांच्या पलीकडे समुद्राचा आवाज एका लयीत येत होता. घराच्या ओट्यावर रॉयडनने नाताळसाठी बांबूच्या कामट्यांचा तारा बांधायला घेतला होता. त्याला अजून कागद लागायचा होता. तिसरा थेंब पडला. चौथा.

आपोलिना कॉफी घेऊन आली, बशीत नेवऱ्या, नाताळच्या करंज्या. पुठ्ठा बघून तिला हसू आवरेना.

"ह्या काम मी तीस वर्सां केलंय बाय," ती म्हणाली. "ह्येच्या पप्पाक पत्त्यांचो नाद. खंय बसलेलो इचारला की म्हणायचो, इगर्जेत, फादराकडे. मी दुसऱ्या दिवशी गावात फिरान यायचंय. ज्याच्या दारात थेंब, थंय पत्ते. ही गाडी खंय उबी ऱ्हवली ता सांगान जाता. माणूस खोटा बोलात, ती बोलूची नाय."

ती आत गेली. सहावा थेंब पडला. कॉफी संपली. सूर्य माडांच्या खोडांइतका खाली आला आणि रॉयडनच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. तेजस्वीने घड्याळाकडे बघायला हवं होतं…

"मी इतको वेळ कोणाच्या बाजूक गप बसलंय नाय गो," तो हळूच म्हणाला.

गो. दोन रविवार तो 'तुमी' म्हणत आला होता. ते एकच अक्षर कुठल्या तरी फटीतून आत आलं आणि सरळ खाली जाऊन बसलं. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर आठवा थेंब हुकला असता. थेंब पडला. तिने खूण केली, पण पेन्सिल कागदातून आरपार गेली.

दहा थेंबांना चाळीस मिनिटं लागली. इंजिन गरम असताना चार मिनिटांना एक. तिने ते लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मग उठायला काहीच कारण उरलं नाही, आणि बसायलाही.

"झाला?" त्याने विचारलं.

"झालं."

दोघांतलं कोणीच उठलं नाही. अकरावा थेंब पडला. तो कोणी लिहिला नाही.

त्या आठवड्यात तेजस्वीने अहवाल लिहायला घेतला. बाबा रोज विचारत, "मगे? काय म्हणता तुझी फियाट?" ती म्हणे, "लिहितेय." मग रात्रीचं जेवण झालं की वही उघडून बसे आणि एकच पान पुन्हा वाचे.

अडचण साधी होती. गाडी चांगली होती. ती चांगली आहे असं तिने लिहिलं की बाबा घेणार, बाबांनी घेतली की गाडीला जागा मिळणार, आणि गाडीला जागा मिळाली की रॉयडन मस्कतला जाणार. तिच्या पेन्सिलीच्या टोकावर तो माणूस उभा होता. 'सीटखालचा पत्रा एकदा कुजलेला होता' एवढं एक वाक्य नुसतं, पुढचं-मागचं न जोडता लिहिलं असतं, तर बाबा घाबरले असते. ते वाक्य खोटंही नव्हतं. बुधवारी तिने ते लिहून बघितलं. मग तिला जेटीवरच्या म्हाताऱ्याने उघडून मिटून दाखवलेला हात आठवला, आणि तिने ते खोडलं. खाली लिहिलं : पत्रा २०११मध्ये नवीन बसवला आहे. काम उत्कृष्ट. दोन वर्षांच्या खंडाचं कारण समजलं आहे, ते मालकाच्या सचोटीचं आहे. शेवटी एक शब्द. घ्यावी.

त्या शब्दाकडे ती बराच वेळ बघत बसली. प्रयोगशाळेत तिने शेकडो निष्कर्ष लिहिले होते, पण एखादा निष्कर्ष असा छातीवर दगड ठेवल्यासारखा बसलेला तिला आठवत नव्हता. दोघांच्या मध्ये देऊळही होतं आणि इगर्जही होती, हे तिला कळत होतं. तिच्या आईला, सीताबाईंना, नुसत्या नावावरूनही कळलं असतं. पण त्याबद्दल बोलायला आधी दुसरं काही तरी बोललं जायला हवं होतं. आणि ते कोणीच बोललं नव्हतं.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर ती अहवालाची प्रत द्यायला खाडीकाठच्या शेडवर गेली. रॉयडनने हात पुसले, तीन पानं उभ्यानेच वाचली. तिसरं पान त्याने दोनदा वाचलं.

"म्हणजे पास?"

"पास."

ओहोटी होती. खाडीतल्या होड्या चिखलावर एका बाजूला कलून बसल्या होत्या.

"तपासणी संपली मा?" त्याने विचारलं.

"संपली."

"मगे आता घराकडे बोलतंस तशी बोल. तू म्हणालेलंस, बघू."

तिला हसू आलं. "काय बोलू?"

"माका वाटलेला…" तो पानांच्या कडा जुळवत राहिला. "माका वाटलेला, तू खंयची तरी चूक काढतलंस."

"सोदलंय," ती म्हणाली. त्याच्याशी बोललेला तिचा पहिला मालवणी शब्द. "लय सोदलंय. गावली नाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. बोलेल असं वाटलं… ओठ हललेही. मग पलीकडच्या होडीवरून कोणी तरी "रॉयडन, पान्हो दी रे" म्हणून ओरडलं, आणि तो पाना शोधायला वळला. परत आला तेव्हा चेहरा व्यवहाराचा झाला होता.

"शनवारी दहाक गाडी घेवन येतंय."

"शनवारी माझी प्रॅक्टिकलां आसत. बाबा आसतले."

"तू नसतलंस?"

"एक वाजता येतलंय."

"बरा," तो म्हणाला. आणि मग, उगाचच, तो एक शब्द पुन्हा. "बरा."

शनिवारी तेजस्वीने बेचाळीस मुलांकडून लंबकाचा प्रयोग करून घेतला. एका मुलीने दोलनं मोजताना मध्येच गोंधळून विचारलं, "मॅडम, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं?" "हो," तेजस्वी म्हणाली, "पहिल्यापासून." साडेदहाच्या सुमाराला तिने खिडकीतून बाहेर बघितलं. आता गाडी अंगणात आली असेल. आता बाबा नारळ फोडत असतील. आता तो किल्ली देत असेल.

एक वाजता ती घरी पोचली तेव्हा अंगण रिकामं होतं. पायरीवर झेंडूचा हार होता आणि त्याच्या शेजारी न फोडलेला नारळ. महादू खांबाला टेकून बसले होते, लग्नाला नवरा आला नाही तर मुलीचा बाप बसतो तसे.

"इलोच नाय," ते म्हणाले. "अकरा वाजता फोन केल्यान. 'महादूकाका, माफ करा, आज जमूचा नाय.' मी म्हटलंय, मगे केवा? तर म्हणता, सांगतंय. सकाळपासून पाहुण्यांचे घावणे टाकून मी हयसर कान देवन बसलंय, आणि तो 'सांगतंय'."

"काय झाला म्हणालो?"

"माका काय म्हायत? तुमी शिकलेली माणसां. इंजिनाचा तपासतास, डोक्याचा कोण तपासता?"

तिने स्कूटर लावली. येताना रस्त्यावरचं बेडं, बागेचं फाटक, उघडंच राहिलं होतं. ते लावायला ती काजूंच्या मधल्या वाटेने परत रस्त्यापर्यंत चालत गेली. घर तिथून दिसत नसे, मध्ये वळण होतं. बेड्यासमोर गाड्या चढाव्यात म्हणून बाबांनी गेल्या वर्षी सिमेंटचा उतार घातला होता.

उताराच्या कडेला, काजूच्या सावलीत, थेंब होते.

ती उकिडवी बसली. काळे, गोल, कडेला फिकट होत गेलेले. सगळे एका वितीच्या आत. म्हणजे मध्ये गाडी हललेली नव्हती. तिने एकदा मोजले. मग पहिल्यापासून पुन्हा मोजले. मग तशीच बसून तिने फोन लावला.

"खंय आसस?"

"घराकडे," रॉयडन म्हणाला. मागे तेलात काही तरी तळल्याचा आवाज होता. "मम्माबरोबर नेवऱ्यो तळतंय."

"बाबांनी हार आणलेलो. पायरीर तसोच आसा."

"बघलंय," तो म्हणाला, आणि घाईने, "म्हणजे… आणलेलो आसतलो, असा वाटलेला माका."

बेड्यापासून पायरी दिसत नव्हती. दिसायची तर वळणापर्यंत चालत यावं लागत होतं. तेजस्वीने हे मनात टिपलं.

"इलंस कित्याक नाय?" तिने विचारलं.

तळण्याचा आवाज दूर गेला. तो बाहेर आला असावा. आता माडांचा आवाज येत होता.

"तेजस्वी, एक दोष मी सांगूक नाय," तो म्हणाला. "तू इचारलंस नाय, आणि मी सांगलंय नाय. पप्पांका जमला नसता. माका दोन दिवस जमला… पुढे जमना."

"खंयचो दोष?"

"ती गाडी इकली की माका जावचा लागतला. आणि माका जावचा नाय. कामाखातर नाय, मम्माखातर पण नाय." तो थांबला. श्वास ऐकू आला. "रॉकीक सकाळीच कळवलंय. कागद परत केलंय मस्कतचो."

तिच्या हातात काजूचं वाळकं पान होतं. ते कधी उचललं ते तिला आठवेना. त्याचे चार तुकडे झाले होते.

"आणि ह्या तू माका फोनार सांगतंस?"

"सगळा नाय सांगलंय. ऱ्हवलेला उद्या येवन सांगतंय. तुझ्या तोंडार."

"गाडी घेवन?"

"गाडी घेवन. काकांका एक फेरी मारून आणतंय, म्हणजे ते नारळ माझ्या डोक्यात घालूचे नायत."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले, तेही त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"रॉयडन."

"काय गो?"

"आज बेड्याकडे किती वेळ थांबलेलंस?"

"कोण म्हणता मी थांबलेलंय?"

"इचारतंय."

"पाच मिन्टां," तो म्हणाला. "फार तर फार."

तेजस्वीने फोन खांद्याने कानाशी धरला, पिशवीतून वही काढली, अहवालानंतरचं कोरं पान उघडलं आणि तारीख घालून लिहिलं :

थेंब सात. अठ्ठावीस मिनिटं.